ताळ्याची स्लाइड

रिपोर्ट चांगला आला आणि बाईंच्या कपाळावर आठी पडली.

खोलीत तिघं होती. टेबलापलीकडे रक्ताचे डॉक्टर, जेमतेम पस्तिशीचे, बोलताना पेनाचं टोपण उघड-बंद करणारे. अलीकडे बाई. आणि बाईंच्या शेजारी त्यांचे यजमान. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्या जगाचे मास्तर. रिपोर्ट ऐकला मात्र, मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. पुसायचे डोळे होते, पण हात चष्म्याकडेच जात होता.

गेले पाच आठवडे त्या घरात कुणी पोटभर जेवलं नव्हतं. बाईंच्या मानेत डाव्या बाजूला गाठी आल्या होत्या आणि बघता बघता वाढत होत्या. त्यातली एक काढून तपासली तेव्हा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, निघाला, त्यातलाही दांडगट, आठवड्याआठवड्याला अंगावर येणारा. मग डॉक्टरांनी काढलेली ती गाठ आणखी एका तपासणीला पाठवली होती. त्याच तपासणीचा कागद आता टेबलावर होता.

"आजी, सोप्या भाषेत सांगतो हं," डॉक्टर म्हणाले.

"सांगा. पण आजी नको, बाई म्हणा. याच इमारतीच्या तळमजल्यावर लॅबमध्ये चौतीस वर्षं गाठीच कापल्या मी. तिथे सगळे बाईच म्हणायचे."

डॉक्टरांच्या पेनाचं टोपण थांबलं. "मग तुम्हाला मी काय सांगणार?"

"सांगा ना. आमच्या वेळी ही तपासणी नव्हती. आणि यांनाही कळू दे."

डॉक्टरांनी खरोखरच छान सांगितलं. म्हणाले, या आजाराच्या दोन जाती आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर दोघी जुळ्या बहिणी, आईनंसुद्धा चुकावं इतक्या सारख्या. पण पेशीच्या आत कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती झोपलेली, हे मोजलं की दोघींचे स्वभाव वेगळे दिसतात. पहिली जात औषधानं बहुतेक वेळा वठणीवर येते. दुसरी चिवट, दबते आणि परत डोकं वर काढते.

"तुमची पहिली आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून नेहमीचं औषध सुरू करू."

"आणि दुसरी असती तर?"

"तर त्यात आणखी एक औषध जोडलं असतं. ते आम्ही पहिल्या दिवसापासूनच जोडतो, मागाहून नाही. पण त्याचा त्रास फार होतो. तुम्हाला गरजच नाही, तर कशाला ती ब्याद?"

मास्तर हात जोडून उठायच्या बेतात होते. बाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून खाली बसवलं आणि पिशवीतून आधीचा कागद काढला. तीन आठवड्यांपूर्वी त्याच गाठीच्या स्लाइडना वेगवेगळे रंग लावून जो अंदाज केला होता, त्याचा तो कागद.

"यात दुसऱ्या जातीकडे कल लिहिलाय," त्या म्हणाल्या.

"रंगांवरून केलेला तो अंदाज. कधीकधी फसतो. जनुकांची तपासणी जास्त पक्की."

"पक्की आहेच. योग्य तुकड्यावर केली असेल तर." बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "इथे एक शिक्का असायचा. तो दिसत नाही."

"कसला शिक्का?"

"ते मी विचारून सांगते," असं म्हणून बाई उठल्या. मास्तर डॉक्टरांकडे बघून ओशाळं हसले. एखाद्या लग्नघरात आपलं माणूस वेडंवाकडं बोलून गेल्यावर हसतात तसं.

घरी येईपर्यंत मास्तरांचा आपल्या बहिणीला आनंदाचा फोन करून झाला होता. बाईंनी चपला काढल्या त्या चिमणीला फोन लावतच.

चिमणी म्हणजे लॅबमधली त्यांची शिष्या. आली तेव्हा अंगानं चिमणीएवढी होती, आता पन्नाशीला टेकली तरी नाव सुटलं नव्हतं. मेणात बसवलेल्या गाठीचे, म्हणजे ब्लॉकचे, केसापेक्षा पातळ काप मायक्रोटोमच्या यंत्रावर काढायला बाईंनीच तिचा हात धरून शिकवलं होतं.

"चिमणे, माझा ब्लॉक कुणी कापला?"

"मीच, बाई. दुसऱ्या कुणाला हात लावू देईन का?"

"रंगांसाठी किती स्लाइड काढल्यास?"

"सव्वीस. मधे दोनदा ब्लॉक काढून परत लावायला लागला, तेव्हा थोडा वाया गेला."

"आणि जनुकांच्या तपासणीच्या वळ्या त्यानंतर?"

"हो. पाच वळ्या. त्या गुंडाळ्या जाड असतात ना."

"म्हणजे बऱ्यापैकी खोल गेलीस. आणि वळ्यांनंतर ताळ्याची स्लाइड?"

पलीकडे मायक्रोटोमचं चाक फिरल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"ती आता काढत नाही, बाई. दोन वर्षं झाली. नवे साहेब म्हणाले, वेळ जातो. यंत्र आपणच सांगतं, माल पुरेसा आहे की नाही ते."

"माल किती ते सांगतं गं. माल कुणाचा, ते सांगतं का?"

चिमणीला उत्तर ठाऊक होतं.

ताळ्याची स्लाइड ही बाईंची स्वतःची रीत. पुस्तकात वाचलेली नव्हे, चुकून शिकलेली. पूर्वी लॅब एवढी लखलखीत नव्हती. सुरी चामड्याच्या पट्ट्यावर स्वतः परजावी लागे. मेणाचा वास केसांत, कपड्यांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा. मायक्रोटोममधून पट्टी निघायला लागली की खोलीत कुणी बोलायचं नाही, कारण नुसत्या श्वासानंही ती उडून जाई. हसायचं तर मुळीच नाही, आणि चिमणीला हसू नेमकं तेव्हाच येई. पट्टी कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती पडू न देता काचेवर अलगद उचलायची. बाईंचा हात असा की मोठे मोठे डॉक्टर दारात उभं राहून बघत.

अशा हाताकडून ती चूक झाली होती. विणकाम शिकवणारी एक बाई होती, तिची काखेतली गाठ. बाहेरच्या लॅबला रंगांसाठी स्लाइड पाठवायच्या होत्या. बाईंनी आधी इथल्यासाठी काढल्या, मग तिथल्यासाठी, एकामागून एक, सुरेख. पण गाठीचा रोगट भाग वरच्या थरातच होता. तो संपून खालचा धडधाकट भाग लागला, हे कुणी बघितलंच नाही. बाहेरून रिपोर्ट आला, काही विशेष नाही. विणकामाची बाई सगळ्यांना हातानं विणलेले रुमाल देऊन घरी गेली. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा तिला जिना चढवत नव्हता.

त्या चुकीबद्दल बाईंना कुणी बोललं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाईंनी ब्लॉक काढून पुन्हा कापला, बघितलं आणि घरी येऊन फक्त मास्तरांना सांगितलं. त्या दिवसापासून नियम झाला, बाहेर पाठवायचे काप काढून झाले की शेवटी आणखी एक स्लाइड काढायची, साधा गुलाबी-निळा रंग द्यायचा आणि डॉक्टरांना दाखवायची. रोग अजून तिथे आहे हे डोळ्यांनी बघितलं की रिपोर्टावर शिक्का. गणित सुटलं तरी मास्तर पोरांना ताळा करायला लावत, म्हणून तिचं नाव ताळ्याची स्लाइड.

त्या दुपारी मास्तरांना मात्र ताळा नको होता.

"लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू कपाळ धुवायला निघालीस," ते म्हणाले.

"कपाळ माझं आहे."

"अगं, पण समजा, परत तपासलं आणि वाईट निघालं?"

"तर ते आत्ताही वाईटच आहे. मांजरानं डोळे मिटून दूध प्यायलं म्हणून कुणाला दिसायचं थांबतं का?"

"डॉक्टर शिकलेला माणूस आहे. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

"कळतं ना. त्याला हातात जे दिलं त्यातलं सगळं कळतं. हातात काय दिलं ते मला कळतं."

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "मला चार दिवस सुखाचे मिळाले असते," ते हळूच म्हणाले.

बाईंना ते लागलं. गेल्या पाच आठवड्यांत या माणसानं घरातली एकही फरशी पुसायची ठेवली नव्हती. काय करावं सुचेनासं झालं की फडकं घेऊन बसायचा. पण त्या मऊ पडल्या नाहीत.

"चार दिवस तुम्हाला हवेत. मला चार वर्षं हवीत. जमलं तर दहा. आणि काय हो, उत्तर बरोबर आलं तरी पोरांना ताळा का करायला लावायचात?"

"चुकीच्या रीतीनंही बरोबर उत्तर येतं म्हणून," मास्तर सवयीनं बोलून गेले. मग त्यांनी जीभ चावली, टोपी घेतली आणि कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बसले. दिवेलागणीला परत आले ते तोंड फुगवूनच.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच लॅबमध्ये गेल्या. मानेला रुमाल गुंडाळला होता. गाठी आता बोलताना लागत.

नवे साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, वाईट रिपोर्ट आला की लोक येतात, पुन्हा तपासा म्हणतात. चांगला आला म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"कुणीतरी पहिलं असायला लागतंच."

"माझं ऐका. रंगांचा आणि जनुकांचा निकाल नेहमी जुळतोच असं नाही. हे जगभर होतं."

"होत असेल. मी जगाचं नाही विचारत. माझ्या ब्लॉकमध्ये वळ्या काढल्या तिथे रोग होता का, एवढंच विचारतेय. एक स्लाइड काढा. असेल तर तुमच्या पाया पडते आणि सोमवारी गुमान औषध घेते."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी इथेच बसते. दुपारी डबा खाते. चार वाजता तुमची लॅब बघायला विद्यार्थी येतात ना? त्यांना सांगते, ताळ्याची स्लाइड म्हणजे काय ते. मला शिकवायची खोड आहे, घराण्यातच आहे."

साहेबांच्या ओठाच्या कडेला हसू आलं, पण ते सुखाचं नव्हतं. त्यांनी चिमणीला हाक मारली.

आपल्या घरच्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही, हाही लॅबचा जुना नियम. आपली तर स्वतःचीच गाठ. बाई चिमणीच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. बोटं शिवशिवत होती. चिमणीनं ब्लॉक बर्फावर गार केला, मायक्रोटोममध्ये बसवला आणि चाक फिरवलं. पहिली पट्टी चुरगळली.

"आजच का असं होतंय, बाई?"

"होऊ दे. चाक नको थांबवूस. पाती थोडी सरकव, तिथे बोथट झालीय."

दुसरी पट्टी सरळ आली. पाण्यावर पसरली, काचेवर चढली, भट्टीत सुकली, रंगांत बुडून निघाली. तासभर गेला. साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती. साहेब एका बाजूला बसले, बाई दुसऱ्या.

समोर जे दिसलं ते सुंदर होतं. फिकट गोल वाड्या, एकमेकींपासून बेताच्या अंतरावर, प्रत्येकीभोवती गडद पेशींचं कुंपण. जिथली पेशी तिथे. एकाहत्तर वर्षांची, निरोगी, टापटिपीची गाठ. साहेबांनी स्लाइड डावीकडून उजवीकडे नेली, वरून खाली आणली. पुन्हा नेली. कुंपण कुठेच मोडलेलं नव्हतं.

"रोग नाही यात," शेवटी साहेब म्हणाले. "वळ्या या भागातून गेल्या असणार. यंत्रानं निरोगी पेशींची जनुकं मोजली. त्यांची ठेवण पहिल्या जातीसारखी दिसते."

"माझ्या अंगातला चांगला भाग किती चांगला आहे, याचा रिपोर्ट मिळाला मला," बाई म्हणाल्या. "फ्रेम करून लावायला हरकत नाही."

चिमणी रडायला लागली होती. बाईंनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "गाठीचा दुसरा अर्धा भाग वेगळ्या ब्लॉकमध्ये आहे ना?"

"आहे, बाई."

"मग डोळे पूस आणि तो घे. आधी एक स्लाइड, मग वळ्या, मग पुन्हा एक स्लाइड. रडून झाल्यावर काप. पाण्यात थेंब पडला तर पट्टी फाटेल."

दुसऱ्या ब्लॉकमध्ये कुंपणं नव्हती. मोठ्या मोठ्या पेशी, कशाही, कुठेही, बाजार उठल्यासारख्या. वळ्यांच्या आधीही त्या होत्या आणि नंतरही. साहेबांनी वळ्यांच्या कुपीवर स्वतःच्या हातानं नाव घातलं.

बाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "चिमणी म्हणाली, दोन वर्षं ताळा बंद आहे. या तपासणीसाठी जेवढे ब्लॉक कापले, ते सगळे काढा. सगळ्यांची ताळ्याची स्लाइड."

"सगळ्यांची?" साहेब म्हणाले. "बाई, लोकांची औषधं सुरू होऊन गेली असतील. काहींची संपली असतील. उगाच..."

"माझं औषध सोमवारी सुरू होणार होतं. चार दिवस उशीर केला असता तर माझंही 'सुरू होऊन गेलं' झालं असतं."

"बघू," एवढंच साहेब म्हणाले.

रक्ताच्या डॉक्टरांनी सोमवार पुढे ढकलला, तोही कुरकुरत. हा आजार वाट बघणारा नाही, दहा दिवस म्हणजे थोडके नव्हेत, असं बजावून गाठी दाबून धरायला गोळ्या दिल्या. त्या दहा दिवसांत बाईंना खरी भीती वाटली. आपण शहाणपणा केला की हट्ट, हे त्यांचं त्यांनाच कळेना. सकाळी आरशात मान बघायच्या आणि रुमाल गुंडाळायच्या. मास्तर जेवढ्यास तेवढं बोलत. पण गोळ्यांच्या वेळा त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवल्या आणि घड्याळाच्या ठोक्याला पाण्याचा पेला पुढे येई.

अकराव्या दिवशी त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी डॉक्टरांनी नवा कागद उघडला. खालच्या कोपऱ्यात शिक्का होता. डॉक्टर काही बोलायच्या आधीच बाईंनी उलट्या बाजूनं वाचलं.

"दुसरी जात," त्या म्हणाल्या.

"हो, बाई. दुसरी." डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं. "मी तो पहिला कागद डोळे झाकून घेतला. माफ करा."

"उघडून घेतलात तरी दिसलं नसतं तुम्हाला. दिसेल असं काही त्यात नव्हतंच. आता ते जादा औषध काढा."

"त्रास बराच होईल. आणि शब्द मी देऊ शकत नाही."

"शब्द कोण मागतंय? औषध मागतेय."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "त्या औषधानं फरक पडतो, हे नक्की ना?"

"सगळ्यांना नाही. काहींना पडतो."

"म्हणजे शून्य नाही."

"नाही. शून्य नक्कीच नाही."

"मग उद्याच सुरू करा," मास्तर म्हणाले आणि बायकोकडे न बघता त्यांनी तिची पिशवी उचलून खांद्याला लावली. बाहेर आल्यावर जिन्यात ते थांबले. "मी त्या दिवशी चार दिवसांचं बोललो, ते..."

"राहू द्या. चला, पायऱ्या सांभाळा."

पहिला डोस सहा तास चालला. मोठी खोली, भिंतीला टेकून बारा खुर्च्या, प्रत्येकीवर नंबर. बाईंची सातवी. सिस्टरनं एका झटक्यात शीर पकडली तेव्हा बाईंनी तिला शाबासकी दिली. चांगला हात त्यांना कुठेही ओळखू येई. शेजारी मास्तर घड्याळ बघून थेंब मोजत होते आणि मोजणी चुकली की पहिल्यापासून सुरू करत होते.

दुपारी नवे साहेब वर आले. लॅबचा माणूस कधी या मजल्यावर येत नसे. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"अठ्ठावन्न ब्लॉक काढले," ते म्हणाले. "चिमणीनं आणि मी. पंचावन्न बरोबर आहेत."

"आणि तीन?"

"तीन तुमच्यासारखे. रोगाच्या पलीकडून कापलेले. एकाचं औषध पुरं होऊन पुन्हा गाठ आलीय. दोघांचं चालू आहे, त्यांच्यासाठी अजून काही करता येईल." त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली. "वरिष्ठ सांगतायत, पत्रानं कळवा. शब्द वकील लिहून देतील."

बाईंच्या जिभेवर धातूची चव आली होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

"पत्र नको. तिघांनाही बोलवा. समोर बसवा. तुमच्या तोंडानं सांगा, चूक झाली, अशी झाली, या टेबलावर झाली. ते शिव्या देतील. मान खाली घालून ऐका. मधेच जगभर होतं म्हणू नका."

"तुम्ही याल बरोबर? तुमचं ऐकतील."

"मी कशाला? चूक लॅबची, तोंड लॅबचं हवं." बाईंनी सुईचा हात जरा सरळ केला. "मी एकदा तोंड चुकवलंय. विणकामाच्या एका बाईनं दिलेले रुमाल अजून घरात आहेत, आणि मला त्यांनी एकदाही नाक पुसता आलेलं नाही. तुम्ही नका चुकवू."

साहेब जायला वळले.

"आणि त्यांच्यातल्या कुणी विचारलं," बाई म्हणाल्या, "की चांगला रिपोर्ट काढून घेतल्यावर माणसानं करायचं तरी काय, तर त्यांना वर पाठवा. दर एकवीस दिवसांनी मी इथे आहे. खुर्ची नंबर सात."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला नंबर लिहून घेतला.